जुने टेकाड

किल्ला हा शब्द उच्चारला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते ते दगडाचे असते. काळा कातळ, त्यावर चढत गेलेली पाऊलवाट, वळणाआड दडलेला दरवाजा, माथ्यावर पाण्याचे टाके आणि तटाच्या सांदीतून उगवलेले पिंपळाचे रोप. किल्ला पडला तरी त्याचे पडणेही भव्य असावे, अशी आमची एक न बोललेली अपेक्षा असते. हीच अपेक्षा गाठीशी बांधून आम्ही फेब्रुवारी महिन्यातील एका थंड दुपारी, वेल्सच्या पूर्व सीमेवर हेन डोमेन नावाच्या ठिकाणी गेलो. आणि तेथे पोचल्यावर प्रथम जो विचार आमच्या मनात आला तो हा, की आपण बहुधा भलत्याच शेतात शिरलो आहोत.

कारण दगड म्हणून तेथे काही दिसेना. चार-साडेचार पुरुष उंचीचे, शेंडा कापून टाकल्यासारखे एक मातीचे टेकाड. त्याच्या अंगावर वाढलेली झाडेझुडपे. पायथ्याशी बुजत आलेला खंदक. आणि शेजारी मातीच्या दुहेरी बांधांनी वेढलेले एक आवार. एवढाच काय तो ऐवज. ना बुरूज, ना कमान, ना एखादी ढासळलेली भिंत. आपल्याकडे एखाद्या ओसाड गावच्या पांढरीवर याहून अधिक अवशेष सापडतील. परंतु माँटगमरी गावापासून मैलभर अंतरावर असलेले हे टेकाड म्हणजे एके काळी इंग्लंडच्या राज्यातील एका अत्यंत बलाढ्य सरदाराचे सीमेवरील ठाणे होते. सेव्हर्न नदी ओलांडून वेल्समध्ये शिरण्याचा जो उतार, रिडह्विमन नावाचा, त्यावर येथून नजर ठेवता येई. आणि ज्याच्या हाती उतार त्याच्या हाती मुलूख, हे गणित सर्व देशांत सारखेच आहे.

नॉर्मन लोकांची किल्ले उभारण्याची रीत आमच्या वाचकांस समजावून सांगणे कठीण नाही. बालेकिल्ला आणि माची ही आमच्या परिचयाची जोडी डोंगरावर असते. नॉर्मनांनी ती सपाटीवर हाताने निर्माण केली. वर्तुळाकार खंदक खणावयाचा, त्यातून निघालेली माती मध्ये रचून टेकाड करावयाचे, त्यावर लाकडाचा मनोरा व मेढेकोट उभारावयाचा, हा झाला बालेकिल्ला. शेजारी दुसरे आवार बांध व खंदक यांनी बंदिस्त करावयाचे, त्यात शिबंदी, घोडी, धान्य व स्वयंपाकघरे ठेवावयाची, ही झाली माची. दोहोंच्या मध्ये लाकडी पूल. दगड नको, चुना नको, नामांकित गवंडी नकोत. खणणारे हात भरपूर हवेत. आणि जिंकलेल्या देशात दुसरे काही नसले तरी खणावयास लावता येतील असे हात असतातच. इ. स. १०६६ च्या स्वारीचा वृत्तांत ज्यावर भरला आहे, त्या बायोच्या प्रसिद्ध कशिदापटात हेस्टिंग्ज येथे असे टेकाड रचण्याचे दृश्य दाखविले आहे. एक अधिकारी हुकूम देतो आहे, मजूर फावडी चालवीत आहेत, आणि त्यांतील दोघे काम सोडून एकमेकांच्या डोक्यात फावडी घालण्याच्या बेतात आहेत. एवढ्या मोठ्या विजयगाथेत त्या दोघांना कोणी व का जागा दिली असेल? परंतु ते आहेत, आणि राजेलोकांपेक्षा आम्हांस तेच अधिक ओळखीचे वाटतात.

आता एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. आम्ही हेन डोमेन पाहावयास गेलो ते निव्वळ इतिहासप्रेमाने गेलो नव्हतो. जे लोक दीडशे वर्षे दुसऱ्याच्या राज्याखाली राहिले, त्यांच्या नातवंडांना जेत्याचा मोडलेला किल्ला पाहण्यात एक विशिष्ट सुख असते. ते फारसे उदात्त नाही, पण ते असते. शिवाय नॉर्मन हे तर जेत्यांचेही जेते. ज्यांनी पुढे अर्धे जग जिंकले त्या इंग्रजांना ज्यांनी जिंकले, त्यांचे काय झाले, हे जाऊन पाहावे, असा काहीसा आमचा हेतू होता.

त्या दृष्टीने पाहू जाता हेन डोमेनने आम्हांस निराश केले नाही. हा कोट रॉजर द माँटगमरी याने इ. स. १०७१ ते १०७४ च्या दरम्यान उभारला. विल्यम राजाचा हा विश्वासू सोबती. त्यास श्रूझबरीची जहागीर मिळाली आणि त्याबरोबर वेल्सच्या सीमेचे रक्षण करण्याचे, म्हणजेच ती सीमा पुढे ढकलण्याचे, कामही मिळाले. नव्या कोटास त्याने नॉर्मंडीतील आपल्या गावाचे नाव दिले. परक्या भूमीवर आपल्या गावाचे नाव घालणे ही जेत्याची फार जुनी खोड आहे. रॉजर १०९४ मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी वेल्श लोकांनी कोट काबीज करून आतील लोक कापून काढले. ठाणे पुन्हा नॉर्मनांकडे आले खरे. पण ११०२ मध्ये रॉजरच्या मुलाने पहिल्या हेन्री राजाविरुद्ध बंड केले, ते फसले, आणि जहागीर जप्त झाली. म्हणजे किल्ला बांधल्यापासून तीस-एकतीस वर्षांत माँटगमरी घराण्याचा माँटगमरीशी संबंध संपला! राजाने हे ठाणे बाल्डविन द बूलेर याच्या स्वाधीन केले, आणि त्याच्या वंशजांनी पुढे शंभर वर्षे ते राखले.

मग १२२३ साल उजाडले. तिसरा हेन्री राजा त्या वेळी जेमतेम सोळा वर्षांचा होता. त्याच्या मंत्र्यांनी मैलभर पलीकडे एका उंच खडकावर दगडी किल्ल्याचे काम सुरू केले. नवे माँटगमरी तिकडे वसले आणि नावही तिकडे निघून गेले. जुना कोट काही काळ नदीच्या उतारावरील चौकी म्हणून जिवंत राहिला. १२६७ मध्ये त्याच उतारावर हेन्री राजा व लिवेलिन यांच्यामध्ये तह होऊन लिवेलिन यास वेल्सचा राजपुत्र म्हणून मान्यता मिळाली. त्यानंतर तेराव्या शतकाच्या अखेरीस केव्हातरी जुन्या कोटाचा शेवटचा पहारेकरी निघून गेला. त्या नव्या दगडी किल्ल्याचे तरी काय झाले? यादवी युद्ध संपल्यावर १६४९ मध्ये पार्लमेंटच्या हुकुमाने तोही पाडण्यात आला.

या स्थळाच्या नावांची कथा तर एखाद्या विनोदी लेखकाने रचावी अशी आहे. इंग्रजांनी माँटगमरी हे नाव ठेवले. म्हणजे एका नॉर्मन खेड्याचे नाव वेल्समधील गावास चिकटले. वेल्श लोकांनी ते न मानता गावाला त्रेव्हाल्डविन, म्हणजे बाल्डविनचे गाव, म्हटले. म्हणजे एका परक्याचे नाव नाकारून दुसऱ्या परक्याचे पत्करले. नॉर्मन खेड्याचे ते नाव पुढे आडनाव होऊन थेट आमच्या देशापर्यंत आले. पंजाबात एकोणिसाव्या शतकात लेफ्टनंट गव्हर्नर रॉबर्ट माँटगमरी यांच्या नावाने एक शहर वसविण्यात आले. आज ते पाकिस्तानात आहे, आणि त्याचे नाव साहिवाल आहे. जिच्या दुधाची आमचे शेतकरी तारीफ करतात त्या साहिवाल गाईलाही एके काळी माँटगमरी म्हणत असत. शहराने नाव टाकले, गाईने टाकले. आणि जेथून ह्या नावाचा वेल्समधील संसार सुरू झाला, त्या मूळ टेकाडास लोक काय म्हणतात? हेन डोमेन. वेल्श भाषेत याचा अर्थ जुने टेकाड, जुना ढीग. उकिरड्यालाही त्या भाषेत हाच शब्द चालतो, हे कळल्यावर आम्हांस जे समाधान झाले ते येथे नमूद न करणे हा अप्रामाणिकपणा होईल.

परंतु आमचे हे समाधान फार काळ टिकावयाचे नव्हते. ते घालविले उत्खननकारांनी.

१९६० मध्ये फिलिप बार्कर नावाच्या पुरातत्त्वज्ञाने येथे खोदकाम सुरू केले. पुढे रॉबर्ट हायम हे त्यांचे सहकारी झाले, आणि हे काम १९९२ पर्यंत चालले. तीन तपांहून थोडी कमी वर्षे एका लाकडी कोटाच्या आवारापायी, तेही आवाराचा साधारण अर्धा भाग उकलण्यापायी, खर्ची पडली. कारण उघड आहे. दगडी किल्ला खणताना भिंत लागते. लाकडी किल्ला खणताना काहीच लागत नाही. लाकूड कुजून जाते, आणि खांब जेथे रोवला होता तेथे मातीचा रंग किंचित निराळा दिसतो, एवढाच पुरावा उरतो. काही इमारती तर नुसत्या जमिनीवर ठेवलेल्या तुळयांवर उभ्या होत्या; त्यांची खूण म्हणजे एखादी फिकट रेघ, किंवा खडे नसलेली एखादी पट्टी. अशी जमीन कुदळीने खणून चालत नाही. गुडघ्यांवर बसून, हातातील करणीने, बोट-बोट माती खरवडावी लागते. विद्यार्थी व हौशी मंडळी दर उन्हाळ्यात येऊन हे काम करीत. त्यातून जे दिसले ते असे, की आवार एके काळी इमारतींनी गजबजलेले होते, त्या इमारती वेळोवेळी पाडून पुन्हा उभारल्या गेल्या होत्या, आणि टेकाडावर जाणारा पूलही अनेकदा नव्याने बांधला गेला होता. वरच्या गवताकडे पाहून ह्यातील एकाही गोष्टीची कल्पना कोणास आली नसती. ऐश्वर्याच्या म्हणाव्या अशा वस्तू मात्र फारच थोड्या निघाल्या. सीमेवरील ह्या मोठ्या नावाच्या ठाण्यात राहणीचा थाट बेताचाच होता. नाव मोठे, लक्षण खोटे!

इथवर सारे आमच्या मनासारखेच होते. पण उत्खननकारांनी मातीच्या तटाला छेद दिला आणि तटाच्या तळाशी पाहिले, तेव्हा तेथे त्यांस निराळेच काही आढळले. तट ज्या मूळ जमिनीवर रचला होता ती जमीन सपाट नव्हती. ती लाटेसारखी खालीवर होत गेलेली होती: एक उंचवटा, एक खोलगट पट्टी, पुन्हा उंचवटा, पुन्हा पट्टी. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसास ह्याचा अर्थ विचारावा लागत नाही. त्या सऱ्या आणि ते वरंबे होते. ते नांगरलेले शेत होते.

त्या काळचा जड नांगर माती एकाच अंगास उलटवीत असे. शेताच्या लांबट पट्ट्यात मधोमध पहिले तास घालून, त्याभोवती फेरे घेत घेत नांगरत गेले, की दर वर्षी माती मध्याकडे सरकते आणि पट्ट्याच्या पाठीला उंचवटा येतो. असा उंचवटा एका हंगामात तयार होत नाही. त्याला वर्षानुवर्षे तेच बैल, तीच वाट आणि तेच वळण लागते. एरवी अशा खुणा पुढील नांगरटीने पुसल्या जातात. येथे मात्र १०७० नंतर कोणी तरी त्यांवर भला मोठा मातीचा तट घातला, आणि त्या तटाखाली ते शेत जसेच्या तसे नऊ शतके राहिले. पेटीत जपून ठेवलेल्या वस्त्राची घडी जशी राहते, तसे राहिले. नॉर्मनपूर्व काळातील शेताचा इतका निश्चित पुरावा फार दुर्मीळ आहे. टेकाडावरील मनोरा गेला, मेढेकोट गेला, पूल गेले. नांगराचे तास तेवढे राहिले.

हे प्रथम वाचनात आले तेव्हा आमच्या मनात अर्थातच संताप उसळला. उभ्या शेतावर तट घालणारा जेता! कोणाचे बैल सोडविले असतील, कोणाची पेरणी तुडविली असेल! शेतकऱ्याचा तळतळाट आणि सरदाराचा निर्वंश, अशी एक नीटस गोष्ट आम्ही मनातल्या मनात रचूनही टाकली होती. पण इतिहास हा नीटस गोष्टींचा वैरी आहे. १०८६ मध्ये विल्यम राजाने आपल्या राज्याची जी मोजदाद करविली, तिच्या दप्तरात, म्हणजे डूम्सडे बुकात, ह्या कोटाची नोंद आहे. कोट रॉजरने बांधला आणि त्याच्याकडे साडेबावन्न हाइड जमीन लागते, असे ती नोंद सांगते. हाइड हे त्या काळचे जमिनीचे माप. पण नोंद तेथेच थांबत नाही. एडवर्ड राजाच्या अमदानीत, म्हणजे नॉर्मन येण्यापूर्वी, ही जमीन सेवार, ऑस्लाक व अझोर या तिघांकडे होती, तिच्यावर सारा नव्हता, आणि ते तिचा उपयोग शिकारीसाठी करीत असत.

शिकारीसाठी! म्हणजे नॉर्मन येण्याआधीच तेथील औत सुटले होते. सीमेवरील लढायांनी, विशेषतः १०६३ मध्ये मारला गेलेला वेल्श राजा ग्रिफिड आप लिवेलिन याच्या स्वाऱ्यांनी, हा मुलूख उजाड झाला असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. शेतकरी गेले, वरंब्यांवर गवत वाढले, झुडपे माजली, हरणे आली, आणि हरणांमागून भाले घेतलेले जमीनदार आले. रॉजरचे मजूर खंदक खणावयास उतरले तेव्हा ते कोणाचे पीक तुडवीत नव्हते. ते एका पडीक रानात उभे होते. रान आधी पडले. कोट मागून आला.

हे वाक्य लिहिताना आमचा हात क्षणभर थांबला, आणि तो का थांबला हे सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. आमच्या गावी आमचा वडिलार्जित जमिनीचा एक तुकडा होता, पावणेदोन एकरांचा. आजोबा त्यात स्वतः औत धरीत. वडील नोकरीनिमित्त शहरात आले, तेव्हा तो अर्धेलीने लावला गेला. पुढे अर्धेलीवाला म्हातारा झाला आणि जमीन पडीक राहिली. बांधावरचे बोरीचे झाड वावरात आले, वावरात कुसळी माजली. आम्ही सणासुदीस जाऊन तेथे डबा खात असू आणि निसर्गशोभेचे कौतुक करीत असू. शेवटी ती जमीन आम्हीच विकली. घेणाऱ्याने यंत्र लावून एका दिवसात बांध सपाट केले, आणि आता तेथे पत्र्याची गुदामे आहेत. गेली कित्येक वर्षे आम्ही ह्या गोष्टीचा दोष त्या यंत्रास देत आलो, शहरास देत आलो, बदलत्या काळास देत आलो. आजोबांचे शेत कोणी तरी आमच्याकडून हिरावून घेतले, असे सांगण्याची आम्हांस इतकी सवय झाली होती, की ते आम्हांस खरेच वाटू लागले होते. हेन डोमेनच्या तटाने ही सवय मोडली. यंत्र येण्यापूर्वी कितीतरी वर्षे आमचे औत सुटलेले होते. त्या तिघा जमीनदारांच्या हाती भाले होते आणि आमच्या हाती जेवणाचे डबे होते, एवढाच काय तो फरक!

जेत्याचा अपराध याने कमी होतो असे आम्ही म्हणत नाही. त्याने दुसऱ्याच्या भूमीवर कोट घातला, दुसऱ्यांच्या हातांनी घातला, आणि त्यास आपले नाव दिले, हे सारे खरेच आहे. पण इतिहासाकडे केवळ फिर्यादी म्हणून जाणाऱ्यास कधी कधी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आणि क्वचित आरोपीच्याही पिंजऱ्यात उभे राहावे लागते, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. आणखी एक गोष्ट शिकलो. रॉजरचे नाव राजाच्या दप्तरात आहे. सेवार, ऑस्लाक आणि अझोर यांचीही नावे आहेत, कारण जमीन त्यांच्या मालकीची होती. ज्याने ते वरंबे घातले त्याचे नाव कोठेच नाही. पण रॉजरने येथे काय बांधले हे शोधून काढण्यास विद्वानांना बत्तीस वर्षे मातीचे रंग पारखावे लागले, आणि तो नांगऱ्या कोठून कोठे गेला हे मात्र तटाच्या एका छेदातही वाचता आले. काळाने त्याची सही तेवढी नेली, अक्षर ठेवले. आणि ते अक्षर राखले गेले ते कोणा प्रेमळ वंशजाच्या हातून नव्हे. ज्याला ते दिसलेही नाही अशा एका परक्या सरदाराच्या तटाने ते राखले. आमच्या आजोबांच्या शेताला असा तट मिळाला नाही. त्याला वंशज मिळाले.

उतरत्या दुपारी ऊन तिरपे झाले. मातीचे अवशेष पाहावयाचे ते अशा वेळी. मध्यान्हीच्या उजेडात जो उंचवटा गवतात हरवतो, तो तिरप्या उन्हात आपली सावली टाकून स्वतःस प्रकट करतो. खंदकाच्या कडा काजळ घातल्यासारख्या काळ्या झाल्या, टेकाडाची सावली आवारावर पसरली. तटाच्या बाहेर, कोटाभोवतीच्या कुरणातही अशाच जुन्या सऱ्यांच्या पुसट खुणा आहेत, असे आम्ही वाचले होते. पुष्कळ वेळ डोळे ताणून पाहिल्यावर गवताच्या पृष्ठभागावर मंद लाटांसारखे काही हालल्याचा आम्हांस भास झाला. तो भास होता की त्या सऱ्या होत्या, हे आम्ही शपथेवर सांगू शकणार नाही. मेंढ्या मात्र त्यावरून निःशंकपणे चरत चालल्या होत्या.

निघताना आम्ही कुरण तिरपे तुडवीत फाटकाकडे गेलो नाही. कडेकडेने, बांधाच्या अंगाने, पाऊल जपून टाकीत गेलो. लहानपणी पेरलेल्या वावरातून नेताना आजोबा आम्हांस असेच चालावयास लावीत असत.